चुका पोटात घालू नका

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या विद्यालयाचे मुख्याध्यापक माननीय पंढरी सर, संस्थेचे सचिव माननीय जगदीशभाऊ, व्यासपीठावरील अन्य मान्यवर, जे मला दिसत नाहीत, पण दोन तऱ्हेच्या अत्तरांचा वास येतो आहे तेव्हा निदान दोघे तरी असावेत, माझे सहकारी शिक्षक आणि शिक्षिका, मागे खिचडीच्या पातेल्यापाशी उभ्या असलेल्या हिराबाई, पालकवर्ग, आणि ज्यांच्या कुजबुजीवरून मी एकतीस वर्षं वर्गातली बाकं ओळखत आलो ते माझे विद्यार्थी. सर्वांना या भगीरथ मास्तराचा नमस्कार.

आधी ऋण मान्य करतो. शाल मऊ आहे. श्रीफळात पाणी आहे, हलवून पाहिलं. आणि भिंतीवरचं घड्याळ दिलंत, त्याचे अंक म्हणे अंधारात चमकतात. हसू नका रे. देणाऱ्याचा भाव बघायचा असतो. सिद्धगडाच्या पायथ्याला आमच्या वाडीत ते लागेल, आणि माझी बायको जनी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवील, यात मला शंका नाही.

आता मानपत्राविषयी. ते अध्यक्षांनी स्वतः लिहिलं आणि स्वतःच वाचलं. भाषा सुरेख. ज्ञानदीप आला, मराठीचा निष्ठावंत उपासक आला, चंदनासारखं झिजणंही आलं. त्यात एक वाक्य होतं, ज्यावर आपण टाळ्या वाजवल्यात. "एकतीस वर्षांच्या सेवेत सरांनी कधी कुणाविषयी एका शब्दाची तक्रार केली नाही."

हे वाक्य खोटं आहे.

मी एकसष्ट तक्रारी केल्या. मोजून एकसष्ट. आणि हे ज्यांना सगळ्यात चांगलं ठाऊक आहे, त्यांनीच ते वाक्य लिहिलं. खरं तर मी दोन शब्द गोड बोलून खाली बसणार होतो. सकाळी निघताना जनीने बजावलं होतं की आज तरी तोंड आवरा. पण त्या वाक्यानंतर आता नाही जमायचं. अध्यक्ष महोदय, आपली परवानगी गृहीत धरतो.

नवीन मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो. माझे डोळे लहानपणीच गेले. पुस्तकं मी जन्मभर दुसऱ्याच्या तोंडून वाचली. ज्याला सवड त्याने वाचायचं, त्याला रुचेल तेवढंच वाचायचं, आणि कंटाळा आला की दोन पानं हळूच उलटायची. आंधळ्याला काय कळतंय? कळतं हो. गोष्टीत माणूस मेला आणि पुढच्या वाक्यात जेवायला बसला, की कळतंच.

सात वर्षांपूर्वी शाळेत संगणक आला, आणि त्याच्यावर कुणीतरी 'बोलकी' नावाचं सॉफ्टवेअर घालून दिलं. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते बोलकी मराठीत मोठ्याने वाचून दाखवायची. त्या दिवशी मी एक अख्खा लेख एकट्याने वाचला. "जरा वाचतोस का रे" असं कुणालाही न म्हणता. पन्नाशी ओलांडलेला माणूस मी, स्टाफरूममध्ये बसून रडलो. तेव्हा माझ्या खांद्यावर ज्यांनी हात ठेवला ते पंढरी सर. तो हात मला अजून आठवतो, म्हणून तर एवढा राग येतो.

बोलकी फुकट होती. नुसती फुकट नव्हे, ओपन सोर्स. म्हणजे काय? तर एखाद्या सुगरणीने लोणचं तर वाटलंच, वर कृतीही दारावर लिहून ठेवली. वाचा, करून बघा, मीठ कमी वाटलं तर सांगा. बनवणारीचं नाव बोलकीनेच मला वाचून दाखवलं होतं. हर्षाली, राहणार आटगाव. आटगाव! आपल्याच तालुक्यातली पोर. मी चार महिने ज्याला त्याला सांगत सुटलो होतो.

पण गंमत अशी की आमची बोलकी चुकायची. मराठीत एकच 'च' दोन तऱ्हांनी म्हणतात, चमच्यातला वेगळा आणि चिमणीतला वेगळा. बोलकीला हे ठाऊक नव्हतं. ती 'चहा' म्हणताना चिमणीचा च लावायची. 'ज'चंही तेच, 'जगायचं' म्हणायची तर त्यात सगळं जग आणायची. 'ता. शहापूर' लिहिलेलं असलं की 'तारीख शहापूर' वाचायची. मी मराठीचा मास्तर. दिवसातून नऊ तास हे ऐकायचं म्हणजे घासागणिक खडा लागावा तसं.

तर मी ठरवलं की चुका कळवायच्या. कळवायची जागा म्हणजे इंटरनेटवरचं एक पान होतं. बोलकी मला तिथवर घेऊन गेली आणि म्हणाली, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. कसं? तर खालच्या चित्रांपैकी कुठल्या चित्रात पायऱ्या आहेत ते ओळखा. सांगा आता. आंधळ्यांच्या सॉफ्टवेअरची तक्रार करायला चित्रं ओळखायची! मी तासभर तिथे डोकं आपटलं, आणि मग ज्याचे डोळे आजवर हक्काने वापरले त्याच्याकडे गेलो.

पंढरी सर तेव्हा मुख्याध्यापक नव्हते. आम्ही दोघे एकाच वर्षी या शाळेत लागलो. मी सांगायचो, तो लिहून घ्यायचा. जाड पुठ्ठ्याची वही केली होती खास. काय लिहिलं होतं, बोलकी काय म्हणाली, काय म्हणायला हवं होतं. सगळं झाल्यावर तो म्हणायचा, "पाठवतो आजच." आणि दोन दिवसांनी मी विचारलं की उत्तर तयार असायचं. बघते म्हणाली. तुला नमस्कार सांगितलाय. फार बारकाईने वाचतात हो सर, असं म्हणाली. मला केवढं बरं वाटायचं! पहिल्याच वर्षी एक दिवस बोलकीने 'चहा' बरोबर म्हटलं. चमच्याच्या च मध्ये. मी शहापुराहून पेढे आणवले आणि स्टाफरूममध्ये वाटले. पंढरी सरांनी दोन खाल्ले.

आता एकसष्टावी तक्रार. ही जरा शांतपणे ऐका.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जनीला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. दवाखान्यातून फोनवर लिहून आलं की सकाळी अर्धी गोळी. अर्धी म्हणजे अंकात, वर एक, रेघ, खाली दोन. बोलकी फोनवरही होती. तिला ती रेघ कळली नाही. ती म्हणाली, "सकाळी एक दोन गोळी." जनीने विचारलं, "एक का दोन?" आणि मी शहाणा, मी म्हटलं, डॉक्टरांनी आपल्यावर सोडलंय, दोन घे म्हणजे लवकर गुण येईल. तिसऱ्या दिवशी सकाळी ती मोरीत चक्कर येऊन पडली. कपाळाला चार टाके. ती खूण अजून आहे, मी बोटाने बघतो.

यात माझा गाढवपणा होताच. पण मी दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेली बायको घरी ठेवून शाळेत आलो आणि पंढरीला म्हटलं, बाकीच्या साठ राहू देत, ही आत्ताच्या आत्ता कळव. माझ्यासारखा आणखी कुणी असेल, त्याची बायको मरेल. तो म्हणाला, "आत्ताच पाठवतो." संध्याकाळी म्हणाला, "पाठवलं. फार वाईट वाटलं तिला."

मग या मे महिन्यात एक दिवस बोलकी सुरू केली, तर तिने एक निवेदन वाचून दाखवलं. स्वतःच्या आवाजात स्वतःचं निवेदन. "ही बोलकीची शेवटची आवृत्ती आहे. सात वर्षं झाली. कुणी वापरत असेल असं आता वाटत नाही. म्हणून थांबते." कुणी वापरत नाही? मग मी काय करत होतो, भजन? जूनमध्ये संगणक नवा झाला, फोनही नवा झाला, जुनी आवृत्ती त्यांवर चालेना, आणि बोलकी मुकी झाली. सात वर्षं स्वतः वाचून झाल्यावर मी परत म्हणायला लागलो, जरा वाचतोस का रे.

मी त्या पोरीला काय काय बोललो ते या स्टाफरूमच्या भिंतींना ठाऊक आहे. दगाबाज म्हटलं. एवढ्या तक्रारी कळवल्या, त्या सगळ्या वाऱ्यावर सोडून गेली म्हटलं. आणि पंढरी सर काय म्हणाले? म्हणाले, "आजकालची पोरं अशीच." माझ्या शेजारी बसून, माझा चहा पीत, म्हणाले.

भाद्रपदात मी तिच्याशी भांडायला गेलो. आपल्या संगणकाच्या नव्या शिक्षिका रुपाली मॅडम, त्यांनी घर शोधून दिलं. जीप करून शहापूर, तिथून रिक्षाने आटगाव, सोबत जनी. रविवार होता, ती कल्याणला नोकरी करते म्हणून सुट्टीच्या दिवशीच सापडायची. ओटीवर बसवलं, पाणी दिलं. मी पाण्याला हात न लावता सुरू केलं. नाव सांगितलं, शाळा सांगितली, बोलकी सांगितली. ती मधेच म्हणाली,

"काका, तुमी वापरत होते?"

एवढंच. पण ते ज्या आवाजात म्हणाली, त्याने माझा भांडायचा जोर निम्मा झाला. मी म्हटलं, सात वर्षं वापरतो, एकसष्ट चुका कळवल्या, तू नमस्कारसुद्धा सांगितलास. ती म्हणाली, "नाय हो काका. तुमचं काय पण आलं नाय. सात वर्षांत मला सगळी मिळून अकरा पत्रं आली. आपल्या तालुक्यातून एक पण नाय."

मी विचारलं, मग चहा? चहा तर सुधारला. तर तो म्हणे जळगावच्या एका बाईंनी कळवला होता. एका बाईने एक चूक एकदा सांगितली, आणि देशातल्या सगळ्या आंधळ्यांचा चहा सुधारला. आणि त्याचे पेढे मी वाटले.

नंतर तिने जे सांगितलं ते आपण सर्वांनी ऐकण्यासारखं आहे, कारण आपण सगळेच काही ना काही फुकटचं वापरतो. ती म्हणाली, बोलकी कुणावर पाळत ठेवत नाही. किती जण वापरतात, कुठे वापरतात, हे ती मोजत नाही, मुद्दामच मोजत नाही. मग बनवणाऱ्याला कळायचं कसं? लोक बोलले तरच. ऑफिसातून येऊन, जेवून, ही पोर रोज बोलकीचं काम करायची, आणि पलीकडे सगळं सामसूम. कुणी चांगलं म्हणत नाही, कुणी वाईट म्हणत नाही. शेवटी तिला वाटलं, आपण रिकाम्या खोलीत बडबडतोय.

मी तिला गोळीची गोष्ट सांगितली. जनीने कपाळावरचा पदर सरकवून खूण दाखवली. हर्षाली ताडकन उठली. मग आत गेली, संगणक आणला, आणि तिथेच बसून ती चूक दुरुस्त केली. किती वेळ लागला असेल? वीस मिनिटं. आतून चहा येईस्तोवर झालंसुद्धा. तीन वर्षं जे वहीत पडून होतं, त्याला वीस मिनिटं. आणि ती पायऱ्यांची चित्रं? त्याचं ऐकून तर ती कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, हे मला कुणी सांगितलंच नाय.

दुसऱ्या दिवशी मी या इमारतीत, मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन विचारलं. सर, आपलं काय बोलणं झालं ते मी सांगणार नव्हतो. पण मानपत्रात आपणच विषय काढलात. सर म्हणाले, "भगीरथ, पोरीने फुकट दिलेलं. धर्माची गाय आणि दात का गं नाय? तिला कशाला दुखवायचं?" मी म्हटलं, आणि ती उत्तरं? म्हणाले, तुला बरं वाटावं म्हणून. मी म्हटलं, आणि गोळी? त्यावर खुर्ची करकरली. मग हळू आवाजात म्हणाले की त्या पानावर सगळं इंग्रजीत लिहायचं होतं, ते जमेना. पहिली पाठवली नाही म्हणून दुसरी कशी पाठवायची, आणि साठ पाठवल्या नाहीत तर एकसष्टावी कुठल्या तोंडाने.

अरे, मला सांगायचं होतंस! माझं इंग्रजी तरी कुठे चालतं? हर्षालीला मराठीतलं साधं पोस्टकार्डही चाललं असतं, तिनेच सांगितलं. वाईटपणा नको म्हणून गप्प राहणारी माणसं आपण. पंगतीत भात कच्चा असला तरी "छान झालाय" म्हणत गिळतो, आणि मग आचारी पुढच्या लग्नातही कच्चाच करतो. पण पंगतीत एका दिवसाचं पोट दुखतं. इथे माझं वाचन गेलं. माझ्या बायकोचं कपाळ फुटलं. आणि एका भल्या पोरीची सात वर्षं तिला वाया गेलेली वाटली. हा चांगुलपणा नाही, पंढरी. हा दगा आहे. दगा करणारा मवाळ होता म्हणून तो कमी लागतो असं नाही.

पाणी मिळेल का? ... आभारी आहे.

आपल्याकडे भाताच्या आवणीला सावड असते. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. पैसा कुणी मागत नाही, पण सावड फुकटही नसते. जो परत जात नाही, त्याच्या शेतात पुढच्या वर्षी कुणी उतरत नाही. हर्षाली सात वर्षं आमच्या शेतात वाकली, आणि आम्ही बांधावर बसून म्हणालो, कशाला तिला त्रास द्या.

मी तिला विचारलं, आता काय केलं तर तू परत सुरू करशील? पैसे जमवू का? ती म्हणाली, कुणाला द्यावेसे वाटले तर नाय म्हणणार नाय, पण मला माणसं पाहिजेत. काय लिहिलं होतं आणि काय ऐकू आलं, एवढं नीट सांगणारी. नवी आवृत्ती सगळ्यांच्या आधी वापरून बघणारी. आंधळ्याने बोलकी कशी घालून घ्यायची ते सोप्या मराठीत लिहून देणारी. कुणी नवखा अडला तर त्याला फोनवर सांगणारी, म्हणजे तिचा तेवढा वेळ वाचेल. आणि शिव्या देऊ नका म्हणाली, चूक सांगा. मी भांडायला गेलो होतो, तेव्हा हे मला होतं बहुधा.

यातल्या कशाला संगणकाचं शिक्षण लागतं, सांगा बरं? आमच्या जनीला अक्षर वाचता येत नाही. तिने आटगावच्या त्या ओटीवर बसून दोनशे वाक्यं बोलून दिली. मी म्हणायचो, ती तिच्या बोलीत म्हणायची, आणि हर्षाली तिचा आवाज बोलकीत भरून घ्यायची. हर्षालीच्या संगणकावरच्या बोलकीला आता 'नाय' म्हणता येतं, आणि कुणी तसं लिहिलं तर ती अडखळत नाही. घरी येताना जनी मला म्हणाली, "मेल्यावर पण मी तुमाला वाचून दाखवीन." नवऱ्याला याहून मोठी धमकी नाही.

बोलकी परत सुरू करायची की नाही, हे हर्षालीने अजून ठरवलेलं नाही. ती म्हणाली, काका, मी एकदा रिकाम्या खोलीत राहून आलेय. तिचं बरोबर आहे. उद्यापासून मला शाळा नाही, स्टाफरूम नाही, पान उलटून देणारी पोरं नाहीत. वाडीत मी, जनी आणि ते चमकणारं घड्याळ. बोलकी आली तर मी वाचीन. नाही आली तर परत ज्याला सवड त्याच्या तोंडाकडे बघत बसेन, तेही बघता येत नाही. एवढं हे साधं आहे. म्हणून या सभागृहाकडे निरोपाची भेट मागतो. महिन्याला बोलकीची एक चूक, प्रत्येकाने. ऐका, आणि सांगा.

आणि अध्यक्षांकडे वेगळी भेट मागतो. ती वही मला द्या. तुमच्या खोलीतल्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे, तुम्हीच सांगितलंत. आत्ता द्या. मी थांबतो.

खुर्ची सरकली. सर उठले वाटतं. बसून राहा मुलांनो, उगाच घोळका नको. तोवर मी आभाराचं काम उरकतो. संस्थेने मला, एका आंधळ्याला, मराठी शिकवायला घेतलं, त्याबद्दल संस्थेचे आभार. हिराबाई, मधल्या सुट्टीतला चहा तुम्ही माझ्या हातात कप टेकवून द्यायचात, एकतीस वर्षांत एकदा सांडला नाही. रुपाली मॅडम, तुम्ही घर शोधलंत. विद्यार्थ्यांनो, तुम्ही वर्गात चूक काढलीत की मी कधी कधी चिडलो, त्याबद्दल तुमचे आभार मानतो आणि माझे कान पकडतो.

आले सर. चाल ओळखतो मी... हो, हीच. जाड आहे. तुझं अक्षर म्हणे मोत्यासारखं आहे. बस, पंढरी. नाही, बसू नकोस, जवळच उभा राहा.

आता शेवट. वक्त्याने शेवटी म्हणायचं असतं की बोलण्याच्या ओघात काही चुकलं असेल तर पोटात घाला. मी हा वाक्प्रचार एकतीस वर्षं शिकवला. पोटात घालणे म्हणजे क्षमा करणे, वाक्यात उपयोग करा. मुलांनो, माझ्या शिकवण्यात एवढी एक दुरुस्ती करून घ्या. पोटात घातलेल्या चुकीने काय होतं, ते आमच्या जनीच्या कपाळावर लिहिलं आहे. माझं आज काही चुकलं असेल, चुकलंच असेल, तर पोटात घालू नका. मी खाली उतरलो की जवळ या आणि सांगा. मी रागावेन, पण ऐकेन.

आणि पंढरी, तुझीही मी पोटात घातली नाही. चारचौघांत सांगितली. आता ही वही घे. एकसष्टावीच्या खाली जागा आहे. बासष्टावी तुझी, तुझ्याच अक्षरात लिही. आणि लिहून झाली की पाठव. या वेळी इंग्रजी लागणार नाही, आणि लांबही जावं लागणार नाही. हर्षाली तिसऱ्या रांगेत बसली आहे.